सातव्या दिवसाची हजेरी

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझ्या तोंडावर फेकायला नको. निवडणुकीच्या त्या वर्षी मी माझ्या धाकट्या जावेवर जळत होते. थोडीथोडकी नाही. ती नुसती समोरून हसत आली तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लोक म्हणतात, जावाजावांचं असंच असायचं. आमचं तसं नव्हतं. नऊ वर्षं आम्ही एका घरात राहिलो, मी वरच्या मजल्यावर, ती खाली, आणि साखरेच्या डब्यावरूनसुद्धा आमच्यात कधी वाजलं नव्हतं. वाजलं ते तिकिटावरून.

आम्ही दोघी एकाच कापडाच्या कारखान्यात, एकाच शेडमध्ये माग चालवायचो. तीनशे माग एकदम सुरू असले की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी काही ऐकू येत नाही. म्हणून आमच्या शेडमध्ये कुणी ओरडतच नाही. आम्ही आवाज न काढता नुसते ओठ नीट हलवून बोलतो आणि समोरची ते वाचते. पंधरा माग पलीकडच्या बाईला तिच्या पोराचा ताप उतरला का, हे विचारता येतं. मुकादमाच्या पाठीमागे त्याच्या चालण्याची टिंगल करता येते. नवी मुलगी सहा महिन्यांत शिकते, आणि एकदा शिकली की ती सवय जन्मात जात नाही. दवाखान्यात असो की रस्त्याच्या पलीकडे, कुणाचे ओठ हलले की आमचे डोळे आपोआप तिकडे जातात. या विद्येत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. फिटरकाका म्हणायचे, "थोरली बोलायला लागली की मला चष्मा लागत नाही."

फिटरकाका म्हणजे आमच्या युनियनचे अध्यक्ष. माग दुरुस्त करता करता म्हातारे झाले. मी चौदा वर्षं सेक्रेटरी. शेडमध्ये मला सगळे थोरली म्हणतात आणि माझ्या जावेला धाकटी. कुणाची पाळी बदलायची असो, कुणाचं बोट मागात सापडलेलं असो, माणसं आधी माझ्याकडे यायची. संध्याकाळी माझ्या दाराबाहेर इतक्या चपला निघायच्या की आमचे हे म्हणायचे, "एखादा जोड गहाळ झाला तर मला धरतील."

त्या वर्षी एका पक्षाने युनियनला एक जागा देऊ केली. म्हणाले, तुमचा माणूस उभा करा, आमचं चिन्ह घ्या, आपण मिळून लढू. शेड आणि शेडभोवतीच्या वस्त्या ज्याच्या मागे, ती जागा त्याची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पक्षाकडून एक गृहस्थ आले. भर उन्हाळ्यातही कोट घालायचे, म्हणून आम्ही त्यांना कोटवाले म्हणायला लागलो. कोटवाले म्हणाले, "आम्हाला शेडमधली बाई हवी. बोलणारी."

युनियनच्या खोलीत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, मीही माझ्याचकडे पाहत होते. त्या दिवशी मुद्दाम इस्त्रीचे कपडे घालून गेले होते.

पण कोटवाल्यांनी बरोबर माईक आणला होता. म्हणाले, सेक्रेटरीबाई, दोन मिनिटं बोला. मी माईकसमोर उभी राहिले. बावीस वर्षं शेडमध्ये काढलेल्या बाईच्या घशाला एक तर गप्प राहणं माहीत असतं, नाही तर ओरडणं. पहिलं वाक्य कुत्र्याला हाकलल्यासारखं निघालं. लोक दचकले. मग मी आवाज खाली घेतला, तर ओठ हलले आणि आवाज निघालाच नाही. आमच्या माणसांना सगळं कळलं, ती मान डोलावत होती. कोटवाले मात्र माईक हलवून बघायला लागले.

मग कुणीतरी धाकटीला पुढे ढकललं. ती शेडमध्ये आली तीच मुळी उशिरा, त्यामुळे तिचा गळा शाबूत होता. ती बोलली, हसली, लोकांना हसवलं, शेवटी म्हणाली, "हे सगळं मला ताईंनी शिकवलंय." टाळ्या पडल्या. त्या शेवटच्या वाक्याने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं. नुसती जिंकली असती तर चाललं असतं, वर मोठेपणाही देऊन गेली.

तिकीट तिला मिळालं.

पुढचे दोन महिने मी काय काय गिळलं ते मला माहीत. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर भिंत आहे, तिच्यावर तिचा फोटो लागला. चहा टाकताना ती माझ्याकडे बघून हसायची. माझी पोरं शाळेतून आली की सांगायची, "बाईंनी विचारलं, काकू निवडून येणार का." आमचे हे, जे आयुष्यात युनियनच्या सभेला आले नव्हते, ते सायकलला तिचा झेंडा लावून हिंडायला लागले. आणि संध्याकाळच्या चपला आता खालच्या दाराशी निघायच्या. मी जिन्यावर उभी राहून त्या बघायची. ज्यांच्यासाठी मी मुकादमाशी भांडले, त्यांच्या चपला मला ओळखू यायच्या.

वर तिची भाषणंही मीच लिहून देत होते. कुठल्या पाळीला किती बाया, पाण्याचे नळ किती, कोणाचा कान कधी गेला, हे सगळं माझ्या डोक्यात. ती रात्रीचं जेवण झाल्यावर वही घेऊन वर यायची, जमिनीवर मांडी घालून बसायची. "ताई, हे नीट सांगा ना, माझा गोंधळ होतो." मी सांगायची. कष्ट माझे आणि टाळ्या तिला. तिला ते कळायचं की नाही, देव जाणे. कळलं असतं तर तिने काहीतरी गोड बोलून मला आणखी चिडवलं असतं.

मतदानाला बारा दिवस उरले असताना मोठी सभा झाली. कारखान्यामागच्या मैदानात शेडच्या तिन्ही पाळ्या जमल्या होत्या. मला स्टेजवर बसवलं होतं, अगदी कडेला, कर्ण्याच्या शेजारी. कर्णा इतका दणदणत होता की खुर्ची थरथरत होती. धाकटी संपाबद्दल बोलायला लागली.

चार वर्षांपूर्वी आम्ही अकरा दिवस संप केला होता. कारखान्याच्या फाटकासमोर बसून राहायचं, रोज सकाळी नावं पुकारली जायची. जे अकराही दिवस हजर होते त्यांची नावं युनियनच्या खोलीतल्या फळ्यावर पांढऱ्या रंगाने लिहिली आहेत. ती आजही कुणी पुसत नाही. आमच्यात त्या फळ्यावर नाव असणं म्हणजे सगळं काही.

"अकरा दिवस," धाकटी म्हणाली, "उन्हात, धुळीत, आम्ही फाटकावरून हललो नाही."

माझ्या कानाशी तो कर्णा. डोक्यात, छातीत नुसता आवाज. शेडमध्ये असलं की मी स्वतःशी बोलते, सगळ्याच बोलतात, आवाज न काढता. माझ्या शरीराला वाटलं असावं की आपण शेडमध्येच आहोत. माझे ओठ हलले.

"सातव्या दिवसापासून ही घरात झोपली होती. हजेरी खोटी आहे."

मी हे बोलले, हे माझं मलाही कळलं नाही. समोर बघितलं तेव्हा कळलं. पुढच्या पाच-सहा रांगा धाकटीकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग एकीने मागे वळून ओठ हलवले, तिने तिच्या मागचीला सांगितलं, आणि मैदानभर ते पसरत गेलं. आवाज एकट्या धाकटीचा होता आणि तिला काही पत्ता नव्हता. कोटवालेही टाळ्या वाजवत होते.

आता खरं काय ते ऐका. सातव्या दिवसापासून धाकटी घरी होती, हे खरं. पण तिला घरी मीच बसवलं होतं. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. तिसरा महिना लागला होता. दीर ट्रकवर, लांबच्या फेरीला गेलेले. ती म्हणाली होती, "पक्कं झालं की सांगेन, उगाच आशा नको लावायला." सहाव्या दिवशी फाटकावरून आली आणि मला खालून हाक मारली. मी तिला दवाखान्यात नेलं. काही उरलं नाही. चादरी मी धुतल्या. मी म्हटलं, तू पडून राहा, फाटकाचं मी बघते. नाव गळलं असतं तर चारचौघी घरी विचारायला आल्या असत्या. म्हणून पाच दिवस, तिचं नाव पुकारलं की "हजर" मीच म्हटलं. दीर परत आले तेव्हा ती चालतीफिरती होती. तिने त्यांना सांगितलं नाही, कधीच नाही. जगात ही गोष्ट फक्त आम्हा दोघींना माहीत होती. त्यानंतर तिला पुन्हा काही राहिलं नाही.

हे सगळं मला माहीत असताना माझे ओठ हलले होते.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मागामागांतून एकच गोष्ट फिरत होती. झोपली होती. खोटी हजेरी. थोरलीने स्वतः सांगितलं. धाकटी आपल्या मागापाशी मान खाली घालून उभी होती. मान वर केली असती तर तिला सगळं वाचावं लागलं असतं. त्या दिवशी संध्याकाळी खालच्या दाराशी एकही चप्पल नव्हती. मी जिन्यात उभी राहून ती रिकामी पायरी बघितली, आणि मला बरं वाटलं. नंतर फार वाईट वाटलं हेही खरं, पण आधी बरं वाटलं.

विरोधकांना ही बातमी मिळायला दोन दिवसही लागले नाहीत. फिटरकाकांनी सगळ्या पाळ्यांची सभा बोलावली. युनियनच्या नियमात खोट्या हजेरीला माफी नाही. धाकटीने खुलासा करायचा, नाही तर युनियन पाठिंबा काढून घेणार. म्हणजे तिचा खेळ संपला.

सभेच्या आदल्या संध्याकाळी ती वर आली. मी भाजी चिरत होते. ती दारातच उभी राहिली. "असं का केलंत" म्हणून भांडेल, रडेल, असं मला वाटलं होतं. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"ताई, उद्या तुम्ही एवढंच सांगा," ती म्हणाली. "मीच हिला घरी बसवलं, हजेरी मीच लावली. का विचारलं तर आजारी होती म्हणा."

"आणि कसला आजार, असं विचारलं तर?"

"आजारी म्हणजे आजारी. बायकांना कळेल तेवढं कळेल. पण त्यापुढे नको. हे आत्ता खाली बसलेत. उद्या सभेलाही येणार आहेत, मला एकटीला सोडणार नाहीत म्हणतात. त्यांना हे मी चार वर्षं सांगितलं नाही. आता तिथे, सगळ्यांच्यात बसून त्यांनी ते ऐकायचं... नको."

"बरं," मी म्हटलं.

"शब्द द्या."

"दिला. सुरी हातात आहे, आता काय शपथ घेऊ?"

ती थोडी हसली. जाताना माझ्या ओट्यावरची हिरवी मिरची उचलून नेली, नेहमी न्यायची तशी.

सभेला युनियनच्या खोलीत माणसं मावेनात. खिडक्यांतही बसली होती. फळा माझ्या पाठीशी. धाकटी पहिल्या रांगेत, माझ्यापासून पाच हातांवर, तोंड माझ्याकडे आणि पाठ सगळ्यांकडे. शेजारी दीर, मांडीवर हात ठेवून. फिटरकाकांनी माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू सुरू केलंस, तूच सांग."

मी सांगितलं. "सातव्या दिवसापासून ती फाटकावर नव्हती. तिला घरी मी बसवलं. पाच दिवस तिची हजेरी मी लावली. तिचा त्यात दोष नाही."

आवाज निघाला. फाटका नाही, कुत्र्याला हाकलल्यासारखा नाही, चांगला निघाला. मलाच आश्चर्य वाटलं.

खोलीत कुजबुज झाली. मग मागून एक बाई उठली. पूर्वी ती कमिटीवर होती. एका दिवसाच्या खोट्या हजेरीवरून मीच तिला काढलं होतं. ती म्हणाली, "मला काढताना तुम्ही म्हणाला होतात, सख्खी बहीण असती तरी काढलं असतं. मग जाऊ काय बहिणीहून जवळची?"

लोक हसले. मला हसले. चौदा वर्षांत मला त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं. फळ्यावरची नावं माझ्या पाठीत रुतत होती. मी धाकटीकडे बघितलं. तिचे ओठ हलले, अगदी नीट, माझ्यासारखे. तिला मीच शिकवलं होतं.

"आजारी होती म्हणा. बस."

आजारी होती म्हटलं असतं तर धाकटी सुटली असती. आमच्या बायका काही इतक्या कठोर नाहीत. पण मी? जावेला तापाबिपात झाकणारी, दुसरीला मात्र काढणारी, अशी मी उरले असते. पुढच्या वर्षी सेक्रेटरीपद गेलंच असतं. हा सगळा हिशेब मी त्या घटकाभरात केला. मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळे म्हणाले की मी भावनेच्या भरात बोलले.

"आजारी नव्हती ती," मी म्हटलं. "तिच्या पोटात तीन महिन्यांचं बाळ होतं."

"नको," धाकटीचे ओठ म्हणाले. "ताई. नको."

पंधरा माग पलीकडचं मी वाचते. हे तर पाच हातांवर होतं.

खोली इतकी शांत झाली होती की बाहेरची सायकल ऐकू येत होती. तीनशे माणसं माझ्याकडे बघत होती आणि या वेळी ओठांकडे नव्हती बघत, ऐकत होती. मी दवाखाना सांगितला. चादरी सांगितल्या. फाटकावर सहा दिवस उन्हात बसल्याने तिचं बाळ गेलं, हेही सांगून टाकलं, जे डॉक्टर कधी म्हणालेच नव्हते. बायका डोळे पुसायला लागल्या. मागे उभी राहिलेली ती बाई खाली बसली आणि हुंदके द्यायला लागली. फिटरकाकांनी चष्मा काढला. धाकटीने ओठ मिटून घेतले होते. दिरांनी तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. मांडीवरचे आपले हात ते उलटेसुलटे करून बघत होते.

सगळे हात वर गेले. पाठिंबा कायम. कोटवाले माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, असं बोलता येत होतं तर आधी कुठे होतात? तुम्हालाच उभं केलं असतं आम्ही."

त्या वाक्यासाठी मी दोन महिने तडफडले होते. ते मिळालं, आणि खरं सांगते, गोड लागलं.

त्या रात्री खालून भांडणाचा आवाज आला नाही. बोलण्याचाही नाही. सकाळी दीर ट्रक घेऊन निघून गेले, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी. मी जिन्यावरून हाक मारली, "चहा?" ते म्हणाले, "नको वहिनी, उशीर होतोय." त्यांना कुठेही उशीर होत नव्हता.

धाकटी त्यानंतर एकदाच वर आली, मी भाषणं लिहून दिलेली वही परत द्यायला.

"आजारी एवढं पुरलं असतं, ताई."

"लोकांनी मानलं नसतं."

"मला मानलं असतं," ती म्हणाली. "तुम्हाला मानलं नसतं, एवढंच." आणि वही ओट्यावर ठेवून गेली.

ती निवडून आली. चांगल्या मतांनी आली. शेडभोवतीच्या वस्त्यांत बायका तिच्यासाठी घरोघर हिंडल्या, प्रत्येक दारात ती चादरीची गोष्ट सांगत. सगळे म्हणतात, जागा थोरलीच्या भाषणाने आली. मीही आता नाही म्हणत नाही.

निकालाच्या दिवशी त्याच मैदानात सगळे जमले. दीर परत आले होते, स्टेजवर तिच्या शेजारी उभे होते, हार हातात घेऊन. मी खाली गर्दीत होते. वर कुणी बोलावलं नाही, आणि मीही पुढे गेले नाही. धाकटीने माईकवरून सगळ्यांचे आभार मानले. फिटरकाकांचे, तिन्ही पाळ्यांचे, आणि "माझ्या थोरल्या जाऊबाईंचे". तिने कधी मला जाऊबाई म्हटलं नव्हतं. लोकांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

मग ती माईकपासून बाजूला झाली आणि दिरांकडे वळून काहीतरी सांगायला लागली. माझे डोळे सवयीने तिच्या ओठांवर गेले. तिने ते बघितलं. बोलता बोलता थांबली, हाताचा पंजा उचलला आणि तोंडाआड धरला, आणि मग त्यांना जे सांगायचं होतं ते सांगितलं. ते मान वाकवून ऐकत होते.

शेडमध्ये आम्ही सगळ्याच असा हात धरतो. मुकादम जवळ आला की.